जावातील खेडे : जीवित, वित्त आणि निर्धास्तता
('सामायिक दारिद्र्या'च्या उपपत्तीचे परीक्षण)

जावा बेटावरील भातशेतीच्या खेड्याविषयी समाजशास्त्र, मानवशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही शास्त्रांत विपुल लेखन झाले आहे. डच प्रशासकांची प्रतिवृत्ते, १८६८ सालापासून झालेली जमीनहक्कांची चौकशी व तिचे १८७६ ते १८९६ या काळात प्रसिद्ध झालेले तीन खंड, विसाव्या शतकाच्या आरंभीची लोककल्याण-चौकशी आणि स्वातंत्र्योत्तर काळातील क्षेत्राभ्यास या सर्वांची गणना केली, तर अभ्यासकाला सामग्रीची उणीव भासू नये. तथापि या सामग्रीतून जे चित्र सर्वमान्य झाले, ते पुष्कळ अंशी एकाच रंगाने रंगविलेले आहे. जावातील खेडूत सोशिक आहे, तो भांडण टाळतो, असेल ते वाटून खातो आणि म्हणून त्याचे खेडे गरीब असले तरी निर्धास्त आहे, असे ते चित्र होय.

प्रस्तुत लेखात या चित्राच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. खेड्यातील माणसाचे जीवित व वित्त कशामुळे सुरक्षित राहत होते, त्यासाठी कोणी किती किंमत मोजली आणि धोका नेमका कोणत्या दिशेने येत होता, हे ते अंग. हा प्रश्न दिसतो तितका गौण नाही. ज्या प्रदेशातील खेडे निर्धास्त म्हणून वर्णिले गेले, त्याच प्रदेशात १९६५-६६ साली शेजाऱ्यांच्या साक्षीने, आणि कित्येकदा शेजाऱ्यांच्याच हातून, फार मोठा नरसंहार झाला. ज्या उपपत्तीला ही घटना केवळ बाहेरून कोसळलेल्या आपत्तीसारखी वाटते, ती खेड्याचे वर्णन करण्यास कितपत समर्थ आहे, हे तपासून पाहणे प्राप्त आहे.

१

या चित्राची सर्वांत प्रभावी मांडणी क्लिफर्ड गीर्ट्झ यांच्या 'ॲग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन' या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी ग्रंथात आढळते. तिचा सारांश असा : पाणभाताचे खाचर हे असे विलक्षण उत्पादनक्षेत्र आहे की त्यात जितके अधिक हात राबतील तितके थोडेथोडे अधिक उत्पन्न ते देत राहते. १८३० साली व्हान डेन बॉश यांनी सक्तीची लागवडपद्धती सुरू केली व १८७० नंतर खाजगी भांडवलाचे साखर-कारखाने आले. ऊस व भात एकाच जमिनीवर आळीपाळीने उभे राहू लागले. उसाचा नफा युरोपास गेला आणि वाढती लोकसंख्या भाताच्या खाचरात सामावत गेली. बेटाची लोकसंख्या १८१५ च्या सुमारास रॅफल्स यांच्या काळच्या मोजणीप्रमाणे सुमारे ४६ लाख होती. १९३० च्या खानेसुमारीत मदुरा धरून ती ४ कोटी १७ लाख झाली. एवढ्या लोकांना पोसताना शेतीचे तंत्र पालटले नाही. ते फक्त आतल्या आत अधिकाधिक गुंतागुंतीचे होत गेले. या क्रियेला गीर्ट्झ यांनी गोल्डनवायझर यांच्याकडून घेतलेली 'इन्व्होल्यूशन' ही संज्ञा दिली. तिला आपण 'अंतर्गुंतन' म्हणू.

या अंतर्गुंतनाची सामाजिक बाजू म्हणजे 'सामायिक दारिद्र्य'. अर्धेलीने जमीन लावणे, लावलेल्या जमिनीतील काही भाग पुन्हा दुसऱ्याकडे देणे, कापणीला येईल त्याला धान्याचा वाटा देणे अशा अनेक वहिवाटींमुळे एकाच शेतावर अनेकांचे हक्क निर्माण झाले. त्यामुळे खेड्यात जमीनदार व भूमिहीन असे दोन तट पडले नाहीत. ज्यांचे कसेबसे भागते आणि ज्यांचे तेवढेही भागत नाही, असे दोनच सौम्य भेद राहिले, असे गीर्ट्झ म्हणतात.

उपपत्तीचे सौंदर्य तिच्या एकसूत्रीपणात आहे आणि तिचे दौर्बल्यही त्यातच आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. गीर्ट्झ यांनी १९५२ ते १९५४ या काळात पूर्व जावातील 'मोजोकुतो' येथे, म्हणजे केदिरी भागातील पारे या गावी, क्षेत्रकार्य केले होते. परंतु १९६३ च्या या ग्रंथाचा आधार मुख्यत्वे वसाहतकालीन छापील साहित्य हा आहे. घरवार जमीनधारणेच्या मोजणीवर त्याची मांडणी उभी नाही. खेडूत आपल्या परिस्थितीविषयी ज्या मवाळ भाषेत बोलतो ती भाषा लेखकाने अचूक टिपली. परंतु ती भाषा हाच खेड्याचा जमाखर्च होय, असे त्यांनी गृहीत धरले. जेवावयास मिळो वा न मिळो, एकत्र असले म्हणजे झाले, अशा अर्थाची एक म्हण जावात सर्वतोमुखी आहे. म्हण खरी आहे. पण जो जेवला तो आणि जो उपाशी राहिला तो असे दोघेही जेव्हा ती उच्चारतात, तेव्हा तिचा अर्थ एकच असतो काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

२

प्रथम वित्ताचा विचार करू. एकोणिसाव्या शतकातील जावाच्या खेड्यात मालमत्ता व वेठ या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. ज्याला खाचरात वाटा, त्याच्यावर सारा व वेठीचे ओझे. आणि ज्याच्यावर ओझे, तोच गावाचा पुरा घटक. त्याला प्रदेशपरत्वे सिकेप, गोगोल किंवा कुली केन्चेंग अशी नावे होती. त्याच्या खालोखाल केवळ घर व परसू असलेले, त्याखाली दुसऱ्याच्या परसात झोपडी बांधून राहणारे आणि सर्वांत खाली दुसऱ्याच्या छपराखालीच आश्रय घेतलेले, अशी उतरंड होती. या शेवटच्या वर्गाला 'नुम्पांग' म्हणजे परक्याच्या आधाराने राहणारे म्हणत. गावाच्या कारभाऱ्यांना, म्हणजे लुराह, लेखनिक चारिक, धर्मकृत्ये पाहणारा मोदिन, पाण्याची वाटणी पाहणारा उलु-उलु व इतर यांना, वेतनाऐवजी 'बेंगकोक' ही इनामवजा जमीन मिळे. पुष्कळ गावांत उत्तम पाण्याखालची खाचरे हीच असत.

ही उतरंड डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे 'सामायिक' या विशेषणाविषयी शंका उत्पन्न होते. वेठ कायद्याने जमीनधारकावर होती. प्रत्यक्षात ती पुष्कळदा त्याच्या आश्रितांनी केली. यान ब्रेमन यांनी जावाचे खेडे व प्रारंभीची वसाहती राजसत्ता यांविषयीच्या १९८० च्या निबंधात आणखी एक पाऊल टाकले. बंदिस्त, स्वयंपूर्ण, आपल्या सीमा राखणारे खेडे ही वस्तू मुळात सनातन नव्हे; सारा व वेठ गोळा करण्याच्या सोयीसाठी राजसत्तेनेच तिला बऱ्याच अंशी आकार दिला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यासंबंधी मराठी वाचकास एका दुव्याची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. १८११ ते १८१६ या काळात जावाचा कारभार पाहणारे रॅफल्स यांनी जी जमीनसाऱ्याची पद्धत आणली, तिच्यामागे हिंदुस्थानातील रयतवारीविषयीचे विचार होते आणि त्यांच्या चौकशीचे काम करणारे कॉलिन मॅकेन्झी हे हिंदुस्थानात अनुभव मिळविलेले अधिकारी होते. ग्रामसंस्था म्हणजे एक लहानसे प्रजासत्ताक, ही आपल्याकडेही पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेली कल्पना आणि जावाच्या खेड्याचे आदर्श चित्र ही दोन्ही एकाच प्रशासकीय दृष्टीची अपत्ये आहेत.

१९७० नंतरच्या क्षेत्राभ्यासांनी सामायिकतेच्या कल्पनेला अधिक थेट धक्का दिला. पूर्वी कापणी म्हणजे बोटांत धरावयाच्या 'आनी-आनी' या लहानशा पात्याने एकेक लोंबी खुडणे. ते काम मुख्यतः बायकांचे होते आणि कापलेल्या धान्याचा ठराविक हिस्सा कापणारणीस मिळे. त्याला 'बावोन' म्हणत. हा वाटा सर्वांना सारखा मिळे, असा समज होता. ॲन स्टोलर यांनी योग्यकार्ता भागातील कालिलोरो येथील कापणीच्या १९७७ मधील अभ्यासात दाखवून दिले की नातलग व जवळची शेजारीण यांना मोठा वाटा, तर दूरच्या बाईस लहान वाटा, अशी त्यात सरळ श्रेणी होती. त्याच सुमारास नवी बियाणी आली. मालक उभे पीक व्यापाऱ्यास विकू लागला. या व्यवहारास 'तेबासान' म्हणतात. व्यापारी आपले मोजके मजूर विळे देऊन आणू लागला आणि गावातील बायका बांधावर उभ्या राहिल्या. भात सडण्याच्या गिरण्यांनी त्यांचे मुसळही बंद केले. विल्यम कॉलियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच या बदलाकडे लक्ष वेधले होते. जी वहिवाट हक्क म्हणून वर्णिली गेली होती, ती मालकाच्या सोयीने थोड्याच हंगामांत मागे घेता येते, एवढे यावरून सिद्ध झाले.

तेव्हा बेंजामिन व्हाइट, जेनिफर व पॉल अलेक्झांडर, फ्रान्स ह्यूस्केन इत्यादी टीकाकारांनी 'सामायिक दारिद्र्य' हे वास्तवाचे वर्णन नसून वास्तवावरील पांघरूण आहे, असा जो आक्षेप घेतला, तो वित्तापुरता मान्य करावयास हरकत नाही. परंतु येथेच थांबले तर विवेचन अपुरे राहील. कारण जमिनीची मोजणी केल्याने कोणापाशी काय होते हे कळते. ते रात्री कोण राखीत होते, हे कळत नाही.

३

गावकामगारांच्या ज्या यादीचा वर उल्लेख केला, तिच्यात 'जागाबाया' नावाचा आणखी एक कामगार आहे. बोलण्यात त्याचा उच्चार 'जोगोबोयो' असा होतो. शब्द संस्कृतोद्भव आहे : 'जागा' म्हणजे जागरण, राखण, 'बाया' म्हणजे भय. भयाविरुद्ध जागा राहणारा तो जागाबाया. आपल्याकडील 'जागल्या' शब्दाशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानी येईल. परंतु साम्य शब्दापुरतेच आहे. आपल्याकडे राखण हे विशिष्ट जातींचे वंशपरंपरागत काम होते व त्याबद्दल त्यांना बलुते मिळे. जावाच्या खेड्यात जागाबाया फक्त देखरेख करी. प्रत्यक्ष पहारा, ज्याला 'रोंदा' म्हणतात, घरटी पाळीने करावा लागे. म्हणजे निर्धास्तता ही तेथे विकत घ्यावयाची वा वतनाने मिळावयाची वस्तू नव्हती. ती श्रमाच्या रूपाने प्रत्येक घराने भरावयाची पट्टी होती.

या पहाऱ्याची साधने साधी आहेत. वाटेच्या तोंडाशी 'गार्दू' ही चौकी आणि तिच्यात टांगलेला 'केन्तोंगान'. केन्तोंगान म्हणजे लाकडाचा किंवा बांबूचा आतून पोकळ केलेला व एका बाजूस लांब चीर पाडलेला ठोकळा. त्यावरील ठोक्यांची भाषा ठरलेली असते. गावोगावी तीत फरक आहे. तथापि आजही कित्येक चौक्यांवर लावलेल्या फलकांत खून, चोरी, आग, नैसर्गिक आपत्ती आणि जनावरांची चोरी यांसाठी वेगवेगळे ठोके सांगितलेले असतात व सर्व काही ठीक आहे हे कळविणारा एक निराळा ठेकाही असतो. या यादीतील दोन जुने शब्द विचारणीय आहेत. मनुष्यवधाला जावानीत 'राजापाती' म्हणतात आणि गुराढोरांच्या धनाला 'राजाकाया'. जीवित व पशुधन या दोहोंच्या नावांत 'राजा' आहे. जनावरांच्या चोरीस साध्या चोरीहून वेगळा ठोका का, याचे उत्तर त्यातच आहे. म्हैस किंवा बैल गेला म्हणजे नांगरणी गेली आणि नांगरणी गेली म्हणजे हंगाम गेला. म्हणूनच पुष्कळ घरांत रात्री जनावर घराला लागून असलेल्या गोठ्यात किंवा घरातच बांधीत. घराच्या भिंती विणलेल्या बांबूच्या. त्या फोडण्यापेक्षा त्यांच्याखालून जमीन उकरून आत शिरणे चोरास सोयीचे. या प्रकारच्या चोरास जमीन पोखरणाऱ्या 'गांगसिर' नामक किड्याचे नाव मिळाले आहे.

पहाऱ्याशी 'जिम्पितान' ही प्रथा जोडलेली आहे. प्रत्येक घराच्या दर्शनी भागी एक लहानसा डबा किंवा बांबूचे नळकांडे टांगतात. त्यात घरधनीण चिमूटभर तांदूळ टाकून ठेवते आणि रात्री पहारेकरी ते गोळा करीत जातात. साठलेल्या तांदळाचे पैसे सार्वजनिक कामास लागतात. ही प्रथा सहकार्याचे गोड उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते व ती तशी आहेही. परंतु तिचे दुसरे कार्यही ध्यानात घ्यावे. डबा रिकामा आढळला तर त्या घरी काहीतरी बिघडले आहे, हे पहारेकऱ्यांना त्याच रात्री कळते. आणि पहारेकरी खरोखर फिरले की नाहीत, हे घरधनिणीला सकाळी भरलेल्या डब्यावरून कळते. एका चिमटीत वर्गणी, हजेरी आणि पाळत या तिन्ही गोष्टी साधतात. राखण आणि नजर यांना येथे वेगळे करता येत नाही.

आता न्यायाचा प्रश्न असा की, पट्टी घरटी सारखी असली तरी राखावयाची मालमत्ता घरटी सारखी नव्हती. दोन म्हशी असलेला आणि एकही नसलेला हे दोघेही आठवड्यातून एक रात्र जागणार. सधन मनुष्य पुढे स्वतःऐवजी पैसे देऊ लागला किंवा गडी पाठवू लागला. निर्धनाला आपल्या झोपेशिवाय देण्यासारखे काहीच नव्हते. कुन्चरानिंग्रात यांनी १९६१ च्या निबंधात 'गोतोंग रोयोंग' या एकाच नावाखाली किती भिन्न प्रकारचे श्रम येतात, हे मध्य जावातील दोन गावांच्या आधारे दाखविले होते. काही श्रम परतफेडीच्या हिशेबाने होतात, तर काही केवळ वरून आज्ञा आली म्हणून. पुढे जॉन बोवेन यांनी १९८६ मध्ये याच शब्दाचा राजकीय उपयोग उलगडून दाखविला. पहारा या दोन्ही टोकांच्या मध्ये उभा आहे आणि तो कोणत्या बाजूस झुकेल हे काळावर अवलंबून राहिले. जपानी अंमलात १९४४ साली शेजारगटांची जी रचना आली, तीच पुढे 'रुकुन तेतांग्गा' या नावाने टिकली. १९८० नंतर सरकारने 'सिस्काम्लिंग' या योजनेखाली रोंदा सर्वत्र सक्तीचा व एकसारखा केला. श्रम तेच राहिले. हिशेब मागणारा बदलला.

४

एवढा पहारा कोणाविरुद्ध होता? वरवरचे उत्तर, बाहेरच्या चोराविरुद्ध. परंतु वसाहतकालीन गुन्हेगारीच्या अभ्यासाने हे उत्तर डळमळीत केले आहे. ओंगहोकहाम यांनी १९८४ मध्ये व हेंक शुल्टे नॉर्डहोल्ट यांनी १९९१ मध्ये 'जागो' या व्यक्तीकडे लक्ष वेधले. 'जागो' म्हणजे मूळचा झुंजीचा कोंबडा. त्यावरून गावातील दांडगा, धाडसी, मंत्रसिद्धीमुळे शस्त्र न लागणारा म्हणून गाजलेला पुरुष. तो चोरी करी, चोरांना ओळखी आणि म्हणूनच चोरांपासून राखणही करी. लुराहला तो हवा असे, कारण त्याच्याविना गावावर जरब बसत नसे. वरच्या अधिकाऱ्याला तो हेर म्हणून हवा असे. चोरीस गेलेली म्हैस मध्यस्थामार्फत रक्कम पोहोचविली असता परत मिळे. अशा व्यवहारात कायदा कोठे संपतो व गुन्हा कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. पेशवाईतील रामोश्यांकडे राखण आणि चोरीची भरपाई या दोन्ही गोष्टी सोपविल्या जात, हे जाणणाऱ्या वाचकास यात नवल वाटणार नाही.

सुहार्तोनो यांनी १८५० ते १९४२ या काळातील ग्रामीण दरोडेखोरीवरील आपल्या ग्रंथात साखरमळ्यांच्या प्रदेशातील दरोडे व आगी यांचा मागोवा घेतला आहे. रॉबर्ट एल्सन यांनीही पासुरुआन भागातील ऊस-जाळपोळ ही असंतोषाची भाषा म्हणून वाचली आहे. ऊस जाळण्यात चोराला काहीच मिळत नाही. रात्री पेटलेला फड म्हणजे दिवसा उच्चारता न आलेली तक्रार होय. ज्या खेड्यात भांडण टाळणे हा गुण मानला जातो, तेथे भांडण नाहीसे होत नाही. ते अंधारात जाते.

'रुकुन', म्हणजे सलोखा, या जावानी मूल्याचा अर्थ या ठिकाणी नीट लावावयास हवा. रुकुन म्हणजे विरोधाचा अभाव असे समजणे चूक आहे. विरोध प्रकट होऊ न देण्याची ती शिस्त आहे. ती शिस्त दुर्बळासही उपयोगी पडते, कारण सबळालाही चारचौघांत तोल सोडता येत नाही. परंतु तिच्यामुळे सबळाचा अन्याय चारचौघांत मांडताही येत नाही.

५

वस्तुतः निर्धास्ततेची कल्पना समजून घेण्याचे साधन गीर्ट्झ यांनीच १९६० च्या 'द रिलिजन ऑफ जावा' या ग्रंथात दिले होते. जावातील मुख्य सामाजिक विधी म्हणजे 'स्लामेतान'. जन्म, लग्न, मृत्यू, घराची बांधणी, कापणी अशा प्रसंगी शेजारच्या घरांतील पुरुषांना बोलावून मंत्रपठणासह द्यावयाचे हे सहभोजन आहे. त्यातील 'स्लामेत' हा शब्द मूळ अरबी. आपल्या 'सलामत' शब्दाचे तेच मूळ. आपणास काही न होवो, जे आहे ते ढळू नये, एवढीच त्या विधीची मागणी. ज्यांना जेवावयास बोलाविले जाते, तेच बहुधा रात्री ठोकळा वाजताच धावून येणारे. भोजनाचे वर्तुळ आणि हाकेचे वर्तुळ एकच. 'सामायिक' हा शब्द जर कोठे सार्थ असेल, तर तो येथे.

मग १९६५ चे काय? १९६० साली इंडोनेशियात मूलभूत जमीन-कायदा, कूळवाटपाचा कायदा व कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. दाट वस्तीच्या भागात पाण्याखालील जमिनीची कमाल मर्यादा पाच हेक्टर ठरली. अंमलबजावणी रेंगाळली. केदिरी भागातील जेंगकोल येथे १९६१ साली मळ्याच्या जमिनीवरून रक्तपात झाला. १९६३ पासून कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेने जमिनी स्वतःच ताब्यात घेण्याची मोहीम चालविली आणि पूर्व जावात धार्मिक संघटनांच्या तरुणांशी तिच्या चकमकी झाल्या. सामायिक दारिद्र्याच्या ग्रंथाचे प्रकाशनवर्ष व या मोहिमेचे आरंभवर्ष एकच, हा योगायोग पुरेसा बोलका आहे. याहूनही बोलकी गोष्ट अशी की, मोजोकुतोच्या अभ्यासमंडळातील गीर्ट्झ यांचे सहकारी रॉबर्ट जे यांचा मध्य जावातील धर्म व राजकारण यांवरील निबंधही १९६३ मध्येच प्रसिद्ध झाला. १९४८ च्या मादियुन प्रकरणानंतर खेड्यांतून पडलेली फूट किती खोल गेली होती, हे त्यात नोंदलेले आहे. एकाच मंडळातून एकाच वर्षी दोन चित्रे प्रसिद्ध झाली. विद्वज्जगताने त्यांतील शांत चित्र उचलले.

१९६५ च्या ऑक्टोबरनंतर सैन्याच्या पुढाकाराने व स्थानिक संघटनांच्या साहाय्याने ज्या हत्या झाल्या, त्यांतील मृतांचा सर्वसाधारण अंदाज पाच लाखांच्या आसपास आहे. केदिरी हा अतिशय होरपळलेल्या भागांपैकी एक. या हत्या स्वयंभू ग्रामकलहातून उद्भवल्या असे म्हणणे सैन्याची जबाबदारी लपविण्यासारखे होईल. परंतु कोणत्या घरात कोण राहतो, कोणत्या सभेस कोण गेला होता, ही माहिती बाहेरून आलेल्या सैनिकापाशी नव्हती. ती गावापाशी होती. एकमेकांवर नजर ठेवून एकमेकांना राखणारी जी व्यवस्था आपण वर पाहिली, तिच्यातील राखण गळून पडली आणि नजर तेवढी उरली. सुटून आलेल्या बंद्यांच्या ओळखपत्रांवर पुढे वर्षानुवर्षे विशेष खूण राहिली. त्यांची मुले नोकरीस मुकली. हाकेच्या वर्तुळात ते राहत होते. भोजनाच्या वर्तुळात त्यांना बोलवावे की नाही, हे मात्र भीती ठरवीत होती.

यानंतरच्या दोन घटना याच सूत्रात येतात. १९८३ साली योग्यकार्ता येथून सुरू झालेल्या 'गूढ गोळीबारां'त गुंड म्हणून ओळखले गेलेले हजारो लोक विनाचौकशी मारले गेले व त्यांची प्रेते रस्त्यांवर टाकण्यात आली. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी १९८९ च्या आत्मचरित्रात या कृत्याचे समर्थन केले. जुन्या जागोचा हिशेब राजसत्तेने अशा रीतीने चुकता केला. १९९८ मध्ये बान्युवांगी भागात चेटूक करीत असल्याच्या संशयावरून शंभराहून अधिक माणसे मारली गेली. तेथील जिल्हाप्रमुखाने संशयितांच्या संरक्षणासाठी म्हणून त्यांची यादी करावयास सांगितले होते. या यादीने भीती शमली नाही, उलट वाढली. संरक्षणासाठी केलेली यादी आणि वधासाठी केलेली यादी यांत कागदावर भेद नसतो.

'स्लामेत' या शब्दाची जागा या काळात 'आमान' या दुसऱ्या अरबी शब्दाने घेतली. स्लामेत म्हणजे शेजाऱ्यांना जेवू घालून मागितलेले क्षेम. आमान म्हणजे राजसत्तेने प्रस्थापित केलेली शांतता. पहिल्यात शेजारी साक्षीदार असतो, दुसऱ्यात तो संशयित होतो. हा पालट नोंदण्यास 'सामायिक दारिद्र्या'च्या उपपत्तीत जागाच नाही, कारण तिने निर्धास्ततेला वाटपाचे आपोआप मिळणारे फळ मानले. ती स्वतंत्रपणे घडवावी, राखावी व प्रसंगी हिरावून घेतली जाणारी वस्तू आहे, हे तिने पाहिले नाही.

६

आता निर्णयाकडे वळू. गीर्ट्झ यांची उपपत्ती जमिनीच्या वाटणीचे वर्णन म्हणून टिकत नाही; याविषयी व्हाइट यांनी १९८३ मध्ये घेतलेल्या वीस वर्षांच्या आढाव्यानंतर फारसा वाद उरलेला नाही. परंतु तिच्या टीकाकारांनी 'सामायिक' ही भाषा केवळ भ्रम किंवा अधिकाऱ्यांची सोय ठरवून बाजूस सारली, तेही पूर्णतः पटण्यासारखे नाही. कापणीच्या वेळी बांधावर उभी राहणारी बाई जेव्हा 'वाटा मिळालाच पाहिजे' असे मानते, तेव्हा ती वास्तवाचे वर्णन करीत नसते. ती मागणी करीत असते. मालकाने रात्री गोठा राखण्यास तिच्या नवऱ्याला जागविले आहे, त्या जागरणाचे मोल ती दिवसा मागते. सामायिकता हे खेड्याचे वास्तव नव्हते. सबळाला बांधून घेण्यासाठी दुर्बळाच्या हाती असलेले ते एक वचन होते. तेबासान आले आणि ते वचन मोडले. पण मोडलेले वचनही वचन होते, एवढे तरी मान्य केले पाहिजे. जेम्स स्कॉट यांनी १९७६ मध्ये आग्नेय आशियातील शेतकऱ्यांच्या नैतिक अर्थव्यवस्थेविषयी जे विवेचन केले, त्याचे ग्राह्य अंगही हेच होय.

यातून पद्धतीविषयी एक बोध निघतो. खेड्याचा अभ्यास करताना जमीन कोणाची, या प्रश्नाबरोबर रात्र कोणाची, हा प्रश्नही विचारावयास हवा. पाळी कोणाची लागते, पाळी चुकविल्यास दंड कोणास होतो, ठोकळा वाजल्यावर कोण कोणाच्या दारी धावतो आणि कोणाच्या दारी कोणीच धावत नाही, हे घरवार नोंदले तर मालमत्तेच्या तक्त्यात न दिसणारी रचना दिसू लागेल. जावातील १५ कोटींहून अधिक लोकांपैकी पुष्कळ जण आता नगरांत राहतात. २०१४ च्या ग्रामकायद्याने खेड्यांना निधी व काही स्वायत्तता दिली आहे, आणि जमिनीच्या पद्धतशीर नोंदणीची देशव्यापी मोहीम २०१७ पासून हाती घेण्यात आली. गावच्या चोपडीतील जुन्या नोंदीऐवजी मालकाच्या हाती प्रमाणपत्र येणे हे वित्ताच्या दृष्टीने हिताचेच आहे. परंतु प्रमाणपत्राने मालकी सिद्ध होते, राखण होत नाही. आणि ज्याच्यापाशी प्रमाणपत्र घेण्यासारखी जमीनच नाही, त्याच्या निर्धास्ततेचा प्रश्न जेथे होता तेथेच राहतो.

शांत दिसणारे खेडे शांत का दिसते, हे विचारल्याशिवाय त्याला शांत म्हणू नये, एवढेच या परीक्षणाचे तात्पर्य.